उरलेली दोन प्रकरणं

कामरगावात मनकर्णाबाईच्या जिभेला लोक भीत, पण तिच्या आठवणीला त्याहून जास्त भीत. कुणाच्या बारशाला कोण रिकाम्या हातानं आलं, कुणाच्या म्हातारीला शेवटचं पाणी कुणी पाजलं आणि कुणी नुसतं पाजल्याचं सांगितलं, कुठल्या भांडणात सासूची चूक किती आणि सुनेची किती, सगळं तोंडपाठ. अक्षर एक येत नव्हतं. पण प्रत्येक माणसाच्या नावाखाली तिच्या डोक्यात दोन रकाने होते, केलेलं आणि करायचं राहिलेलं, आणि त्यात चूक काढायची गावात कुणाची छाती नव्हती. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती भावाकडे आली आणि साठीला टेकली तरी तिथंच होती. भाऊ दौलतराव मोठा शेतकरी. त्याची बायको लवकर गेली, म्हणून घराच्या किल्ल्या बहिणीच्या कमरेला.

एक नाव मात्र ती चाळायचं टाळत होती. ते प्रयागचं.

प्रयाग ही दौलतरावांची थोरली सून, जगदेवची बायको. सव्वीस वर्षांची. अकरा वर्षं नांदली, चार बाळंतपणं झाली, एक मुलगी जगली. तीन वर्षांमागच्या हंगामात कापूस एकाच आठवड्यात फुटला आणि वेचायला बाया मिळेनात. प्रयागला मेलेलं मूल होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मनकर्णाबाई म्हणाली होती, "उभ्या उभ्या तं वेचायचं आहे. त्याले काय लागते?" प्रयागनं उलट शब्द काढला नाही. पदराची ओटी बांधली आणि पऱ्हाटीत शिरली. त्या हंगामापासून तिचा ताप कधी पुरता उतरलाच नाही.

सन अडतीस सरता सरता खोकल्यातून रक्त पडायला लागलं. कारंज्याचा डॉक्टर मान हलवून गेला. शेलूबाजारच्या वैद्यानं पुड्या दिल्या, पण देताना नजर पुड्यांवरच ठेवली. मनकर्णाबाईला अक्षर येत नसलं तरी तोंडं वाचता येत. तिनं दोन्ही तोंडं वाचली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सांगायचं नसतंच. रोग्याला त्याच्या मरणाचं बोलायचं नाही, हा सगळ्या मुलखाचा रिवाज. तोंडावर म्हणायचं, "आज बरी दिसून राह्यली," आणि पाठ फिरली की लाकडं वाळली का ते बघायचं. प्रयागला गोठ्यामागच्या कुटार-भुसकटाच्या खोलीत हलवलं, ताट-गडवा वेगळा केला, मुलगी आजोळी पाठवली, तेही असंच गोड बोलून. "तिथं हवा मोकळी आहे." कुटाराच्या खोलीतली हवा किती मोकळी असते हे बैलांना विचारावं.

मग मनकर्णाबाईनं देवाशी बोली केली. सात दिवसांचं पोथीचं पारायण, एकवीस अध्याय, रोज तीन. बदल्यात प्रयाग उठून बसली पाहिजे. भटजींनी अट घातली, "शब्द रोग्याच्या कानावर पडला पाहिजे. देवघरात वाचून फळ नाही. आणि सुरू केलं की मध्ये सोडायचं नाही. त्यापेक्षा न केलेलं बरं."

वाचणार कोण, हा प्रश्नच नव्हता. घरात वाचता येणारी बाई एकच, धाकटी सून कस्तुरा. कारंज्याच्या मास्तराची लेक, पाच इयत्ता शिकलेली. लग्नात तिच्या पेटीत लुगड्यांखाली कादंबऱ्या निघाल्या होत्या, तेव्हा मनकर्णाबाईनं त्या दोन बोटांत धरून पाहिल्या होत्या, मेलेला उंदीर धरावा तशा. "यातलं काय शिजवता येते?" एवढंच विचारून परत ठेवल्या होत्या.

दुपारची जेवणं झाली की तासभर प्रयागला शुद्ध असायची. सकाळी ती गळून पडलेली, संध्याकाळी तापानं फणफणलेली. त्यामुळे वाचन त्या तासातच. कस्तुराचं पोर अंगावर पीत होतं, म्हणून तिनं उंबऱ्याच्या आत जायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर चौरंग मांडून बसे. आत बाजेवर प्रयाग. दहा पावलांवर मनकर्णाबाई तूर पाखडत बसे, कान तिकडे देऊन. तिला शब्द सगळे लागत नसत, पण पोथीची चाल कळे. अध्याय संपला, कस्तुरानं नमस्कार केला, की ती एक तुरीचा दाणा वाटीत टाके.

दोन दिवस नीट गेले. सहा दाणे पडले.

तिसऱ्या दिवशी प्रयाग हसली.

मनकर्णाबाईचं सूप थांबलं. पोथीत हसण्याजोगं काही असतं, असं तिच्या साठ वर्षांच्या ऐकण्यात नव्हतं. ती उठली, भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि गोठ्याच्या कुडाशी उभी राहिली. चाल पोथीचीच होती, तीच हेलकाव्याची, ओळीच्या शेवटी लांबवलेली. पण शब्द असे होते:

"नलिनीऽ म्हणालीऽऽ, असं कसंऽ, ती छत्रीऽ माझी आहेऽऽ. मधुकरऽ म्हणालाऽऽ, छत्रीवर नावऽ लिहिलंयऽ काऽऽ..."

आत प्रयागला हसू आवरेना, हसता हसता खोकला आला, खोकल्यातूनही ती म्हणत होती, "मंग? मंग?"

मनकर्णाबाईनं कस्तुराचा दंड धरला आणि तिला गोठ्याच्या पलीकडे नेलं.

"काय वं, पोथीत छत्री कवापासून निंगाली?"

कस्तुराचं तोंड कापसासारखं झालं. "आत्याबाई, दोन दिस पोथीच वाचली. देवाशपथ."

"अन् आज?"

"काल त्या अध्यायात ते रानी नाही का... नवऱ्यानं वनात सोडली, लेकरू गेलं, तरी तं त्याचेच पाय धरते. जाऊबाईनं कानावर हात ठेवले. म्हने, माह्यंच अजून सरलं नाही, दुसरीचं कायले आयकू? तुह्या पेटीतलं वाच, ज्यात कोनी मरत नाही."

"अन् तू वाचलं. देवापुढं बसून. लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हनून तं चालीवर वाचलं."

हिला मारावं की काय करावं, हे मनकर्णाबाईला क्षणभर सुचेना. कस्तुरा भीत भीत म्हणाली, "पोथी मी सकाळी देवघरात वाचीन, अन् दुपारी..."

"कानावर पडली पाह्यजे म्हनले भटजी."

"मंग सकाळी जाऊबाईपाशी वाचतो."

"सकाळी ते तुले वळखते तरी काय? एक तास आहे तिच्याजवळ दिवसाचा. त्यात पोथी बसन, नाही तं तुही छत्री बसन. दोन्ही नाही बसत."

हे बोलून झाल्यावर मनकर्णाबाईला त्याचा अर्थ कळला. एक तास होता. तो कुणाचा, हे आता तिला ठरवायचं होतं.

ती खोलीत गेली. रोग्याजवळ जायचं नाही हा नियम तिचाच, तिनंच मोडला. प्रयागच्या गालाची हाडं वर आली होती, पण डोळ्यांत दुपारचं काहीतरी शिल्लक होतं.

"आत्याबाई, कस्तुराले बोलू नका. म्याच म्हनलं होतं."

"पोथीनं तुले आराम पडन पोरी. तुह्यासाठीच तं मांडली."

"मालूम आहे." प्रयाग वाकळीच्या काठाशी चाळा करत राहिली. "तुमी म्हनसान तं आयकीन."

हीच तिची खोड. अकरा वर्षं तिनं तेच केलं होतं. मनकर्णाबाई बाजेच्या कडेला टेकली. "काय आहे वं त्या पुस्तकात एवढं?"

"काहीच नाही." प्रयागला सांगताना धाप लागत होती, पण सांगायचंच होतं. "खरंच काही नाही आत्याबाई. एक पोरगी आहे पुन्याची, शिकनारी. तिची छत्री एका मानसानं चुकून नेली. तेवढंच. त्याच्यावर भांडन. मंग ते रुसली. अन् तो समजवाले आला. भर उन्हात, पायी. म्हनते, चूक माझी झाली." ती थांबली. "बाप्या मानूस असं म्हनते आत्याबाई. कोनी म्हना म्हनलं नाही त्याले. मी ते पान कस्तुराले दोनदा वाचाले लावलं."

चूक माझी झाली. मनकर्णाबाईनं मनातल्या मनात घरभर फिरून पाहिलं. दौलत, जगदेव, मेलेली भावजय, आपण. या घरात कुणी कुणाला हे म्हटल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं, आणि तिच्या आठवणीला गाव भीत होतं. ते म्हणायला याहून बरी वेळ येणार नव्हती. पोरगी समोर होती, शुद्धीत होती, आणि त्या हंगामाचं दोघींना माहीत होतं. मनकर्णाबाईनं तोंड उघडलं.

"पाय झाक," ती म्हणाली. "वारा लागीन."

बाहेर येऊन तिनं कस्तुराला सांगितलं, "वाच ते. पन चाल सोडू नको. दौलत वसरीवर असते."

तुरीची वाटी तिनं सुपात उपडी केली. सहा दाणे बाकीच्यांत मिसळून गेले. देवाशी केलेली बोली मधेच मोडणं हे ती न करण्याहून वाईट, असं भटजी म्हणाले होते, आणि मनकर्णाबाई विसरणारी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सूप दहा पावलांवरून चार पावलांवर आणलं. राखणीला, असं ती स्वतःला सांगे. दौलतराव येता-जाता दिसला की ती खाकरे, मग कस्तुरा आवाज बारीक करून चाल लांबवी. एकदा तो थेट गोठ्यापर्यंत आला, वहाणा काढल्या, डोळे मिटून हात जोडले, आणि मधुकरानं नलिनीला चहात साखर किती असं विचारेपर्यंत तसाच उभा राहिला. "चांगलं वाचते पोरगी," म्हणून गेला. तो वळल्यावर तिघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर पारायण तिथंच उघडं पडलं असतं.

राखण करता करता मनकर्णाबाई कधी ऐकायला लागली ते तिचं तिला कळलं नाही. पाखडलेली तूर ती पुन्हा पाखडे. पुस्तकातल्या मधुकराची एक मावशी होती. ती त्याचं लग्न दुसरीकडे जमवायला बघत होती आणि चिठ्ठ्या दाबून ठेवत होती.

"हे मावशी मोठी सोंगाडी आहे," मनकर्णाबाई एकदम म्हणाली. "सगळ्या घरावर हुकूम. कोन इचारते तिले?"

कस्तुरानं पुस्तकात डोकं घातलं होतं, आणि प्रयागनं वाकळ तोंडावर ओढली होती. वाकळ हलत होती.

"हसाले काय झालं?"

"काही नाही आत्याबाई," वाकळीतून आवाज आला. "खोकला."

खोकला नव्हता. निदान तेव्हा नव्हता. मनकर्णाबाईला कोडं सुटायला थोडा वेळ लागला, आणि सुटल्यावर ती चिडली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिच्या मनात आलं, या पुस्तकात सगळं आहे. चहाडी आहे, रुसवा आहे, अडवणारी म्हातारी आहे. फक्त त्याची किंमत कुणाला अंगानं मोजावी लागत नाही. चिठ्ठी दाबली तर दुसरी चिठ्ठी येते. चुकलं तर दुरुस्त होतं. म्हणून ते ऐकावंसं वाटतं, आणि म्हणून ते खोटं आहे. खोटं असून ती दुपारची वाट बघत होती. जेवणं लवकर उरकून घेत होती.

सहाव्या दिवशी शेवटची दोन प्रकरणं राहिली. चिठ्ठी सापडली होती, नलिनी आगगाडीत बसायला निघाली होती, आणि मधुकराला अजून पत्ता नव्हता. पण कस्तुराच्या पहिल्या ओळीला प्रयागला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मनकर्णाबाईनं तिला धरून बसवलं. फडकं लाल झालं, दुसरं लाल झालं. उबळ गेल्यावर प्रयाग तिच्या खांद्याला टेकून राहिली. तिचं वजन कापसाच्या टोपल्याएवढंही नव्हतं.

"कस्तुरा," ती म्हणाली, "शेवट सांगून दे."

कस्तुरा उंबऱ्याबाहेर उठून उभी राहिली. "आत्ता?"

"हाव. दोघायचं जमते का नाही, तेवढं सांग. मंग उद्या वाच. मी नवं असल्यावानी आयकीन."

कस्तुरानं मनकर्णाबाईकडे पाहिलं. प्रयागनंही मान वळवून पाहिलं.

प्रयाग काय विचारते आहे, हे कळायला पुस्तक वाचता यायची गरज नव्हती. उद्याचं आज सांगितलं, तर उद्या नाही असं सांगितल्यासारखं होतं. आणि ते सांगायचं नसतं. मनकर्णाबाईनं जन्मभर कितीतरी खाटांशी बसून ते सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला, जिभेला त्याची सवय होती.

"शेवट कोनी आधी सांगते काय?" ती म्हणाली. "सारी मजा जाते. उद्या वाचते ना ते. तुले काय घाई आहे?"

प्रयागनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मनकर्णाबाईला बरं वाटलं असतं.

"नाही," प्रयाग म्हणाली. "घाई कायची?"

आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी ढोरं सोडायच्या वेळी खेमा गडी शेण काढायला आला, आणि त्यानं हाक मारली.

तेरावं झालं. पाव्हणे पांगले. दौलतराव म्हणाला, "एक दिवसाची पोथी राह्यली. अर्धी ठेवू नये. आज पुरी करून टाकू." भटजींना बोलावलं. जगदेव डोकं भादरलेला, खांबाला टेकून बसला. कस्तुरा चौरंग घेऊन आली. पोथीची पानं सुटी असतात. वाचून झालेलं पान उलटून डावीकडे ठेवायचं. दौलतरावानं स्वतः रुमाल सोडला. उजवीकडे जाडजूड गठ्ठा. डावीकडे सहा अध्यायांची पानं, बोटभरही नाहीत.

"हे काय?" त्यानं कस्तुराला विचारलं. "सहा दिवस काय वाचत होती तू?"

भटजी पानांकडे बघत होते आणि मग जगदेवही बघू लागला. घराला आता कुणावर तरी हे मरण टाकायचं होतं, आणि ते धाकट्या सुनेवर टाकणं सगळ्यात सोपं होतं. मनकर्णाबाईनं ही माणसं पिढ्यान् पिढ्या तोलली होती. तिला दिसत होतं.

"तिले नको इचारू," ती म्हणाली. "पोथी म्या बंद केली. तिसऱ्या दिशी."

"काहून?"

"प्रयागले आवडत नव्हती."

"आवडत नव्हती?" दौलतरावाचा आवाज चिरकला. "औषध काय आवडीनं देतात काय बाई? अन् मी रोज हात जोडत होतो ते कायले?"

"गोष्टीचं पुस्तक होतं. म्याच वाचाले लावलं. चुलीत घातलं आता ते."

पुस्तक कस्तुराच्या पेटीत होतं. तेवढं एक खोटं मनकर्णाबाई विचार करून बोलली.

"मंग तू मारली तिले," दौलतराव म्हणाला. थोरल्या बहिणीशी तो आयुष्यात असं बोलला नव्हता.

"हाव," मनकर्णाबाई म्हणाली.

तो पोथीबद्दल बोलत होता आणि ती कापसाबद्दल. ते समजावून सांगायची तिला गरज वाटली नाही. जगदेव पटकन बाहेर निघून गेला. तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि मागायच्या आत चौरंगाजवळ ठेवल्या. त्या दिवसापासून देवघरात तिनं पाय ठेवायचा नाही, आणि तिच्या हातचं दौलतराव खाणार नाही, असं ठरलं. गावात आठ दिवसांत पोचलं की मनकर्णाबाईनं भाचसुनेचं पारायण मोडलं. ज्यांची ज्यांची लफडी तिला पाठ होती, ते सगळे आता मोकळेपणानं तिच्या दारावरून जाऊ लागले.

होळीच्या आधी जगदेवचं दुसरं लग्न मालेगावला जमलं. त्याच दुपारी कस्तुरा गोठ्यामागे आली. मनकर्णाबाई आता तिथंच बसे. कुटाराच्या खोलीत पुन्हा कुटार भरलं होतं. कस्तुरानं आजूबाजूला बघून पदराखालून पुस्तक काढलं.

"आत्याबाई, दोन प्रकरनं राह्यली. वाचू काय?"

मनकर्णाबाईचे डोळे पुस्तकावर गेले. आगगाडी निघाली का? मधुकराला कळलं का? ती मावशी कबूल झाली का? प्रयाग गेल्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात असा दिवस गेला नव्हता की तिला हे आठवलं नाही. त्याची तिला लाज वाटे, तरी आठवे.

"नको."

"बरं, वाचत नाही. दोघायचं जमते का, तेवढं सांगू?"

"नको म्हनलं ना. तिनं एवढंच मांगतलं होतं. म्या उद्या म्हनलं." तिनं सूप उगाच आपटलं. "तिले नाही भेटलं ते मले नाही पाह्यजे."

कस्तुरा पुस्तक तसंच धरून बसली. मनकर्णाबाई पुन्हा बोलली, तिच्याकडे न बघता.

"मालेगावची पोरगी पंधरा वर्षाची आहे म्हन्ते. अक्षर येत नाही. इथं आल्यावर तिले वाचून दाखव. छत्रीपासून वाच. कामं सोडून वाच, कोनी बोललं तं माह्यं नाव सांग, आता काय राह्यलं त्या नावाचं."

"हाव आत्याबाई."

"अन् आधीच शेवट इचारला, तं सांगून दे. त्याच वक्ती सांग. मले इचाराले येऊ नको."